मागे बसलेला माणूस : जेफ पोर्कारो

मागच्या गॅदरिंगला आमच्या बँडने चार गाणी वाजवली. शेवटचं गाणं संपल्यावर अँकरने माईक हातात घेऊन सगळ्यांची ओळख करून दिली. व्होकल्सवर अमुक, लीड गिटारवर तमुक, बेस, कीबोर्ड... आणि मग एकदम थँक यू म्हणून पुढच्या फॅशन शोची अनाउन्समेंट! ड्रम्सवर कोण होतं? मी होतो राव! तीन महिने मेसचं जेवण गार करून प्रॅक्टिस केलेला, घामाने ओलाचिंब झालेला मी. पण मी मागे, झांजांच्या आड बसलेलो. दिसलोच नाही म्हणे.

त्या दिवशी माझा मामा खास कार्यक्रमाला आला होता. मामा गेली बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि ऑक्टोपॅड वाजवतो. माझा उतरलेला चेहरा बघून तो पोट धरून हसला. त्याचं म्हणणं असं की मागे बसणाऱ्याचं नाव लोकांना फक्त एकदाच कळतं, ठेका चुकतो तेव्हा. जोपर्यंत कोणी नाव विचारत नाही तोपर्यंत आपलं बरं चाललंय असं समजायचं. मला काही ते पटलं नाही. त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा गाडी नेहमीप्रमाणे लेट होती. मग त्याने सहज विचारलं की तुझ्या त्या इंग्लिश बाजातला तुझा आवडता वादक कोण. मी म्हटलं जेफ पोर्कारो. मामाने नाव ऐकलेलं नव्हतं. मी विचारलं, मायकेल जॅक्सनचं ‘बीट इट’ माहीत आहे का? मामा म्हणाला, माहीत काय म्हणतोस, आमच्या कार्यक्रमात मध्यंतरानंतर मायकेलचा डान्स असतो, ते गाणं मी शेकडो वेळा वाजवलंय. मग त्याला सांगितलं की मामा, बावीस वर्षं तू ज्याची कॉपी मारतोयस ना, तोच हा.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, सांग त्याच्याविषयी. गाडी येईपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहितोय. संपादकांनी पानं दिली आहेत तर वापरून घेतो.

जेफ्री थॉमस पोर्कारोचा जन्म १ एप्रिल १९५४ चा, म्हणजे एप्रिल फूलचा. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं हार्टफर्ड हे गाव. वडील जो पोर्कारो स्वतः पर्कशनिस्ट. सिम्फनीत वाजवणारे, शिकवणारे. आपल्याकडे तबलजीच्या घरात मूल बोलायच्या आधी बोल शिकतं, तसलाच प्रकार. जेफला सातव्या वर्षापासून वडिलांनी शिकवायला घेतलं. पाठचे दोन भाऊही संगीतातच गेले, माईक बेसवर आणि स्टीव्ह कीबोर्डवर. १९६० च्या दशकात कुटुंब लॉस एंजेलिसला आलं. वडिलांना हॉलिवूडमध्ये चित्रपटांच्या रेकॉर्डिंगची कामं मिळू लागली आणि मुलांना मिळाली ग्रँट हायस्कूल नावाची शाळा. या शाळेने काय काय कार्टी एकत्र आणली बघा. डेव्हिड पेच, जो पुढे टोटोची बहुतेक गाणी लिहिणार होता. स्टीव्ह ल्यूकाथर, जो पुढे जगातल्या बिझी गिटारिस्टपैकी एक होणार होता. आणि पोर्कारो बंधू. शाळेच्या बँडमधून तयार झालेली ही गँग. आमच्या शाळेच्या बँडमधून फक्त १५ ऑगस्टची परेड तयार झाली. असो.

शाळा संपायच्या आत जेफला सनी अँड शेर या त्या वेळच्या प्रचंड लोकप्रिय जोडीच्या दौऱ्यावर ड्रम्स वाजवायचं काम आलं. त्याने शाळा सोडली आणि गेला. ड्रॉपआउट! (पालकांनी हा परिच्छेद वगळावा.) वय अठराच्या आसपास. जिम केल्टनर आणि जिम गॉर्डन हे स्टुडिओतले दोन बडे ड्रमर त्याचे देव. सुरुवातीला आपण नुसती त्यांची नक्कल मारत होतो असं तो पुढे मोकळेपणाने सांगायचा.

१९७४ मध्ये त्याला स्टीली डॅनने उचललं. ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोनाल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर ही दोन डोकी म्हणजे परफेक्शनचा आजार. जर्नलमध्ये एक रेघ वाकडी गेली तर अख्खं जर्नल परत लिहायला लावणारे सर असतात ना, तसे. त्यांच्या ‘केटी लाइड’ या १९७५ च्या अल्बममध्ये दहा गाणी आहेत. त्यातल्या नऊ गाण्यांवर ड्रम्स जेफचे, वय वर्षं वीस. त्यातलं एक गाणं ‘युअर गोल्ड टीथ टू’ हे मात्रांच्या हिशोबाने भयानक अवघड. तीनचा ताल चालू आहे म्हणता म्हणता मधेच मात्रा बदलतात. फेगनने त्याला चार्ल्स मिंगसची एक जॅझ रेकॉर्ड दिली आणि डॅनी रिचमंड हा ड्रमर काय करतोय ते ऐकून ये म्हणून सांगितलं. जेफने ती ऐकली, पचवली आणि येऊन गाणं वाजवलं. ते गाणं आज ऐका. अवघड काही चाललंय असं वाटतच नाही, आणि मला वाटतं हाच त्याच्या वाजवण्याचा घोळ आहे. तो अवघड गोष्ट इतकी सहज वाजवतो की ऐकणाऱ्याला कौतुक करायचं सुचतच नाही.

१९७६ मध्ये बॉझ स्कॅग्जचा ‘सिल्क डिग्रीज’ आला. त्यावर जेफ, पेच आणि बेसवर डेव्हिड हंगेट. एकट्या अमेरिकेत या अल्बमच्या ५० लाखांहून जास्त प्रती खपल्या. ‘लोडाऊन’ हे त्यातलं गाणं ऐका, हाय-हॅटवर लक्ष ठेवून. एवढं यश मिळाल्यावर या मंडळींनी ठरवलं की दुसऱ्यांच्या दुकानात किती दिवस राबायचं, आपलं दुकान काढू. ल्यूकाथर आणि स्टीव्ह पोर्कारो आले, बॉबी किंबल हा गायक आला, आणि टोटो तयार झालं. नावाची गोष्ट अशी सांगतात की डेमोच्या टेपा दुसऱ्यांच्या टेपांत मिसळू नयेत म्हणून जेफने त्यांवर तात्पुरतं टोटो असं लिहून ठेवलं. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ मधल्या कुत्र्याचं नाव. मग हंगेटने शोध लावला की लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ सगळं मिळून असा होतो. तात्पुरतं नाव कायम झालं. आपल्या फायनल इयर प्रोजेक्टच्या फोल्डरला न्यू फोल्डर दोन हे नाव सबमिशनपर्यंत राहतं तसं.

१९७८ चा पहिला अल्बम, त्यातलं ‘होल्ड द लाइन’. हिट! आणि पहिल्या दिवसापासून समीक्षकांचे जोडे. हे स्टुडिओतले भाडोत्री वादक आहेत, यांना वाजवता सगळं येतं पण सांगायचं काही नाही, चेहरा नाही, आत्मा नाही, वगैरे. तेव्हा पंक रॉकचा जमाना. तीन कॉर्ड येत असल्या आणि डोक्यात राग असला की भागत होतं. नीट वाजवता येणं हा जवळजवळ गुन्हाच होता. टोटोवर बसलेला हा शिक्का पुढे चाळीस वर्षं पुसला गेला नाही. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये टोटोला आजवर घेतलेलं नाही.

मला स्वतःला हा आरोप अगदीच खोटा वाटत नाही. ‘टर्न बॅक’ हा १९८१ चा तिसरा अल्बम मी दोनदा ऐकला, तिसऱ्यांदा लावावासा वाटला नाही. काही गाण्यांचे शब्दही यथातथाच. पण आत्मा नाही म्हणणाऱ्यांनी ड्रम्स ऐकलेत का, हा माझा प्रश्न आहे.

आता ‘रोझाना’. १९८२, अल्बम ‘टोटो फोर’. आधीचे दोन अल्बम पहिल्याएवढे चालले नव्हते, त्यामुळे हा अल्बम म्हणजे त्यांची एटीकेटी होती असं समजा. पेचने गाणं आणलं, आणि जेफने त्यावर जो ठेका बसवला तो जगभरचे ड्रमर आजही रोझाना शफल या नावाने शिकतात. मी गेली दीड वर्षं शिकतोय.

मामाला जसं समजावलं तसं सांगतो. तोंडाने तकिट तकिट तकिट तकिट म्हणा. एका मात्रेत तीन अक्षरं, चार मात्रा. उजवा हात हाय-हॅटवर प्रत्येक गटातला त आणि ट वाजवणार. मधला कि सोडून द्यायचा. तो कि डाव्या हाताने स्नेअरवर वाजवायचा, पण इतका हळू की काठी पडली की नुसती टेकली ते कळू नये. याला म्हणतात घोस्ट नोट. भुतासारखी, असते पण दिसत नाही. आणि याच डाव्या हाताने तिसऱ्या मात्रेवर स्नेअरचा सणसणीत ठोका द्यायचा. म्हणजे एकच हात एका क्षणी कुजबुजतो आणि पुढच्या क्षणी ओरडतो, आणि लगेच पुन्हा कुजबुजायचं. खाली उजवा पाय वेगळंच काहीतरी बोलतोय. हे सगळं सलग पाच मिनिटं, आणि गाणं डुलत राहिलं पाहिजे.

जेफने हे कुठून आणलं ते त्याने एका शिकवणीच्या व्हिडिओत स्वतःच सांगून टाकलंय. बर्नार्ड पर्डी या ड्रमरचा स्टीली डॅनच्या ‘होम अॅट लास्ट’ मधला शफल. लेड झेपलिनच्या जॉन बॉनमचा ‘फूल इन द रेन’ मधला ठेका. आणि पायाला बो डिडलीचा जुना ठेका. तिन्ही एकत्र केले, झालं. चोरी कुठे केली ते नावानिशी सांगणारा कलाकार मी तरी दुसरा पाहिला नाही. आपल्याकडे असाइनमेंट कोणाची उतरवली ते व्हायव्हात कोण सांगतं? पण गंमत अशी की तिन्ही मूळ गाणी ऐकून नंतर ‘रोझाना’ लावा. ते चौथंच काहीतरी आहे.

त्याच अल्बममधलं शेवटचं गाणं ‘आफ्रिका’. इथे इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांनी जरा लक्ष द्या. गाण्याचं श्रेय पेच आणि जेफ दोघांचं. तोवर दोघांपैकी कोणीही आफ्रिका पाहिलेली नव्हती! पण जेफच्या डोक्यात एक आठवण होती. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला जागतिक मेळा भरला होता. शाळकरी जेफ घरच्यांबरोबर तिथे गेला. आफ्रिकेच्या दालनात खरे आफ्रिकन ढोलवादक वाजवत होते. त्याला धक्का बसला तो असा की प्रत्येकजण आपला एकच छोटा तुकडा वाजवत होता. तेवढाच. कोणी मधे करामत दाखवत नव्हतं, कोणी हलत नव्हतं, आणि सगळं मिळून एक विलक्षण गोष्ट उभी राहत होती. ड्रम सेटवर बसणाऱ्या मुलाला सवय असते दर चार आवर्तनांनी काहीतरी फिरवून दाखवायची. इथे कोणालाच ती खाज नव्हती.

‘आफ्रिका’ करताना त्याला नेमकं तेच हवं होतं. आज आपण लॅपटॉपवर दोन क्लिकमध्ये लूप बनवतो. १९८१-८२ मध्ये ते नव्हतं. मग जेफने किक, स्नेअर आणि हाय-हॅट घेतले आणि लेनी कॅस्ट्रो हा त्याचा मित्र कोंगा घेऊन बसला. दोघांनी समोरासमोर बसून सुमारे पाच मिनिटं तोच ठेका वाजवला. क्लिक ट्रॅक नाही, काही नाही. मग टेप ऐकून त्यातली सगळ्यात चांगली दोन आवर्तनं निवडली. टेप ब्लेडने कापली, दोन टोकं चिकटवली आणि तो टेपचा वेढा मशीनमधून काढून माईकच्या स्टँडभोवती फिरवून परत मशीनमध्ये घातला. गोल गोल गोल. हा झाला लूप! त्यावर मग बाकीचं सगळं चढवलं. त्या अल्बमवर जेफच्या वडिलांनीही वाजवलंय. थोडक्यात, मशीनसारखं एकसारखं आणि तरी माणसाचं. हे मला आमच्या कंट्रोल सिस्टिम्सच्या अख्ख्या सेमिस्टरपेक्षा जास्त कळलं.

फेब्रुवारी १९८३ मध्ये ‘आफ्रिका’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच महिन्यात ग्रॅमी सोहळा होता. टोटोने सहा पुरस्कार नेले. वर्षातला सर्वोत्तम अल्बम ‘टोटो फोर’, सर्वोत्तम रेकॉर्ड ‘रोझाना’. समीक्षकांनी त्याबद्दलही नाकं मुरडली.

आणि हे चालू असताना हा पठ्ठ्या दिवसा दुसऱ्यांची कामं करतच होता. मायकेल जॅक्सनच्या १९८२ च्या ‘थ्रिलर’ वर चार गाण्यांत जेफ आहे. ‘ह्यूमन नेचर’ ची तर चालच त्याच्या भावाची, स्टीव्हची. ‘बीट इट’ ची कथा ल्यूकाथर अनेकदा सांगतो. एडी व्हॅन हेलनने सोलो वाजवला, पण वाजवण्याआधी टेप कापून गाण्याचे तुकडे मागेपुढे करून घेतले. त्यामुळे दोन टेप मशीन एकमेकांशी जुळवून ठेवणारा जो सिंकचा कोड असतो त्याची वाट लागली. आता मायकेलचा आवाज आणि एडीचा सोलो एका टेपवर आहे आणि त्याला जुळणारं खाली काहीच नाही. उलटा प्रकार! साधारणपणे आधी ताल आणि मग गाणं. इथे गाणं झालेलं आहे आणि ताल नंतर घालायचा. जेफने मायकेलचा आवाज ऐकत त्याच्याखाली ड्रम्स वाजवले, मग ल्यूकाथरने त्यावर गिटार आणि बेस चढवले. बिल्डिंग बांधून झाल्यावर पाया घालण्यासारखं आहे हे. सिव्हिलवाल्यांनी सांगावं शक्य आहे का! जगात सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बममधलं ते गाणं कुठल्याही मंडपात वाजू दे, कोणाला कुठे काही खटकलंय?

यादी मोठी आहे, सगळी देत नाही. पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’ (१९७९) मधलं ‘मदर’ हे गाणं त्याने वाजवलंय, कारण त्यातल्या विचित्र मात्रा त्यांच्या स्वतःच्या ड्रमरला, निक मेसनला, जमत नव्हत्या. हॉस्टेलवर पिंक फ्लॉइडचे टीशर्ट घालून फिरणाऱ्या किमान वीस जणांना मी हे विचारलं. एकालाही माहीत नव्हतं. मायकेल मॅकडॉनल्ड, डॉन हेन्ली, मॅडोना, ब्रूस स्प्रिंगस्टीन, डायर स्ट्रेट्सचा शेवटचा स्टुडिओ अल्बम... कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात कुठेतरी त्याचं नाव. ऑनलाइन ऐकताना तर तो कागदही नसतो.

ड्रम मशीन बाजारात आली तेव्हा बऱ्याच ड्रमर लोकांनी आता आपली नोकरी गेली म्हणून गळे काढले. जेफने मशीन शिकून घेतली. जॉर्ज बेन्सनच्या १९८१ च्या ‘टर्न युअर लव्ह अराऊंड’ मध्ये ठेका लिन ड्रम मशीनचा आहे आणि तो प्रोग्राम केलाय जेफने. आज ज्यांना कोडिंग मशीनच करून टाकेल म्हणून झोप येत नाही (मी त्यातलाच) त्यांनी हे नोंदवून ठेवावं. दुसरी गोष्ट मेकॅनिकलवाल्यांसाठी. ड्रम सेटला प्रत्येक झांजेला वेगळा तीन पायांचा स्टँड लागतो. स्टेजवर त्या पायांची नुसती गर्दी होते आणि रोज सगळी मापं नव्याने लावावी लागतात. त्याऐवजी एकच पाइपांची चौकट आणि सगळं त्यावर क्लॅम्पने बसवायचं, ही कल्पना पर्ल कंपनीने १९८० च्या दशकात जेफच्या सहभागाने बाजारात आणली. आज कुठल्याही मोठ्या कॉन्सर्टला ड्रम्सभोवती जे रॅक दिसतं ते तेच.

एवढं सगळं करून हा माणूस मुलाखतीत सांगायचा की माझा टायमिंग काही खास नाही. लोक म्हणायचे विनय आहे. मला वाटतं खरंच वाटत असणार. ज्याला एक शतांश सेकंदाचा फरक ऐकू येतो त्याला स्वतःच्या चुकाही जास्त ऐकू येत असतील. सोलो वाजवायचाही त्याला कंटाळा. दहा मिनिटं एकट्यानेच धबाधबा वाजवून टाळ्या घेणं हा त्याचा पिंडच नव्हता. म्हणून तर सर्वोत्तम ड्रमर कोण या हॉस्टेलवरच्या रात्री दोनच्या भांडणात बॉनम येतो, कीथ मून येतो, नील पिअर्ट येतो, जेफ कधी येत नाही.

टोटोचं पुढचं थोडक्यात. ग्रॅमीनंतर घसरण लागली. हंगेट गेला, त्याच्या जागी जेफचा भाऊ माईक आला. किंबल गेला, त्यानंतर गायक बदलत राहिले. १९८४ मध्ये डेव्हिड लिंचच्या ‘ड्यून’ या चित्रपटाला टोटोने संगीत दिलं, चित्रपट आपटला. १९८६ च्या ‘फॅरनहाइट’ अल्बममध्ये शेवटच्या गाण्यावर खुद्द माइल्स डेव्हिसने ट्रम्पेट वाजवलाय. ज्यांना आत्मा नाही म्हणतात त्यांच्याकडे माइल्स डेव्हिस कशाला येईल, हे मला समीक्षकांनी समजावून द्यावं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

५ ऑगस्ट १९९२. लॉस एंजेलिसजवळ हिडन हिल्समधलं जेफचं घर. टोटोचा नवा अल्बम ‘किंग्डम ऑफ डिझायर’ तयार होता, यायचा बाकी होता. जेफने बागेत कीटकनाशक फवारलं. थोड्या वेळाने त्याला अस्वस्थ वाटू लागलं, तो कोसळला आणि त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेला. वय ३८. मागे बायको आणि तीन लहान मुलगे. सगळीकडे बातमी आली की कीटकनाशकाची अॅलर्जी. मग लॉस एंजेलिसच्या कॉरोनरचा अहवाल आला. शरीरात कीटकनाशक सापडलं नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या होत्या आणि त्याचं कारण कोकेनचा वापर, असं अहवालात म्हटलं होतं. घरच्यांना आणि मित्रांना हे मान्य झालं नाही. त्याच्या कुटुंबात हृदयविकार होता, तो ड्रग्जच्या आहारी गेलेला माणूस नव्हता, असं ल्यूकाथर आजवर सांगत आलाय.

हे मी मामाला सांगितलं नव्हतं. सांगताना जीभ अडखळली. नुसतं फवारणी करताना गेला एवढंच सांगितलं, आणि आमच्याकडे शेतात फवारणीने विषबाधा होऊन माणसं दगावतात, त्यामुळे मामाने लगेच मान डोलावली. नंतर रूमवर आल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. ज्या माणसाने ठेका कुठून घेतला तेही लपवलं नाही त्याच्याबद्दल मी सोयीचं तेवढं सांगत होतो. मग रात्री फोन करून पूर्ण सांगितलं. मामा जरा थांबला. ऑर्केस्ट्राच्या लाइनमध्ये रात्ररात्र जागून दौरे करणारी त्याची दोन-तीन माणसं दारूने गेलेली आहेत. त्याने काही भाषण दिलं नाही. फक्त मुलं केवढी होती एवढं विचारलं.

डिसेंबर १९९२ मध्ये लॉस एंजेलिसला जेफच्या स्मरणार्थ एक कार्यक्रम झाला. मुलांच्या शिक्षणासाठी निधी जमवायचा होता. स्टेजवर कोण आलं बघा. बॉझ स्कॅग्ज, डोनाल्ड फेगन, डॉन हेन्ली, मायकेल मॅकडॉनल्ड, एडी व्हॅन हेलन, आणि बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन. ज्याचं नाव लोकांना माहीत नव्हतं त्याच्यासाठी ही रांग. पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, ‘मॉडर्न ड्रमर’ मासिकाने त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

टोटो बंद पडलं नाही. इंग्लंडचा सायमन फिलिप्स ड्रम्सवर आला. तो जबरदस्त ड्रमर आहे, यात वादच नाही, पण ‘रोझाना’ त्याच्या हातून ऐकताना मला प्रत्येक वेळी पहिल्या आवर्तनात काहीतरी शोधल्यासारखं होतं. भाऊ माईकला पुढे एएलएस झाला, स्नायू निकामी करणारा आजार. तो १५ मार्च २०१५ ला गेला. वडील जो मात्र २०२० पर्यंत जगले. दोन मुलांना त्यांनी पोचवलं.

आणि मधल्या काळात एक विचित्र गोष्ट घडली. ज्या पिढीच्या जन्माआधी जेफ गेला तिने ‘आफ्रिका’ उचललं. आधी मीम म्हणून, चेष्टा म्हणून. मग खरंच आवडायला लागलं. चाहत्यांनी मागे लागून २०१८ मध्ये वीझर या बँडला ते गाणं गायला लावलं. २०१९ मध्ये एका कलाकाराने नामिबियाच्या वाळवंटात सहा स्पीकर, एक एमपीथ्री प्लेयर आणि सौरऊर्जेवरच्या बॅटऱ्या लावून तेच एक गाणं सतत वाजत राहील अशी व्यवस्था केली. ऑनलाइन ते गाणं एक अब्जाहून अधिक वेळा ऐकलं गेलंय. माइक स्टँडभोवती फिरणारी ती टेप, ती दोन आवर्तनं. वाळवंटातले स्पीकर आज चालू आहेत की वाळूने खाल्ले ते देव जाणे.

आमच्या बँडने यंदा ‘रोझाना’ बसवायचं ठरवलंय. म्हणजे मी ठरवलंय, बाकीचे अजून नाही म्हणतायत. व्होकलिस्टच्या मते पब्लिकला कळणार नाही. गिटारिस्टच्या मते माझ्याच्याने होणार नाही, आणि त्यात थोडं तथ्य आहे. अर्ध्या स्पीडला जमतं. खऱ्या स्पीडला तिसऱ्या आवर्तनात डावा हात दगड होतो आणि सगळी भुतं पळून जातात.

गेल्या रविवारी मामाचा फोन आला. त्याने ‘रोझाना’ मोबाइलवर घेतलंय आणि रोज सकाळी ढोलकीवर तकिट काढून बघतोय. त्याचं निदान असं की माझा हात दगड होत नाही, मी मोठा ठोका झाल्यावर काठी लगेच खाली आणत नाही, टाळी मिळाल्यासारखी वर धरून ठेवतो. उपाय म्हणून त्याने ड्रम बंद करून पंधरा दिवस उशीवर वाजवायला सांगितलंय, कारण उशी काठीला उसळी देत नाही. रूम पार्टनरची उशी घेतली आहे. सबमिशन संपलं की बसतो.